ज्याचं कुलूप

बेडरूमच्या दाराला चार नवे बोल्ट होते आणि ते मी लावलेले नव्हते. फर्स्ट शिफ्ट करून साडेतीनला घरी आलो, शर्ट काढून दारामागच्या खुंटीला अडकवायला गेलो आणि हात तिथेच थांबला. दाराच्या आतल्या अंगाला माझी अॅल्युमिनियमची कडी असायची, ती गेली होती. तिच्या जागी बोटभर जाडीची लोखंडी कडी आली होती, आणि चौकटीचा वीतभर भाग कापून तिथे सागाचा ठोकळा असा बसवला होता की सांध्यात नख शिरू नये. बोल्ट आरपार घेतलेले. नट आतून, बाहेर नुसती गोल गुळगुळीत डोकी. म्हणजे बाहेरून पाना लागणार नाही आणि स्क्रू ड्रायव्हरही लागणार नाही. मी एकोणीस वर्षं फिटर आहे. सांधा बघितला की तो कोणी केला हे नाही कळलं तरी कोणाच्या भीतीनं केला हे मला कळतं. घर माझं, दार माझं, या घरातला एकूण एक स्क्रू मी माझ्या हातानं पिळलेला, आणि मी ड्यूटीवर असताना कोणी परका माणूस येऊन माझंच दार माझ्याविरुद्ध मजबूत करून गेला होता.

आमच्या घरात कारागीर येत नाही, हे अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक आहे. कुंभवलीत राहायला आलो त्याला अकरा वर्षं झाली, या अकरा वर्षांत नळ, गिझर, पंखा, मिक्सर, फ्रीजचं रबर, मोटरसायकलचं इंजिन, सगळं मीच उघडलं आणि मीच बसवलं. वरच्या मजल्यावरच्या हेमांगीताई उत्कर्षाला म्हणायच्या, नशीब काढलंस गं, आमच्याकडे बल्ब बदलायला पण माणूस शोधावा लागतो. उत्कर्षा हसायची. हसली की वरच्या ओळीतला डावीकडचा एक दात बाकीच्यांपेक्षा पांढरा दिसतो. ते एकच काम मी बाहेर दिलं होतं, बोईसरच्या दातांच्या डॉक्टरकडून कॅप बसवून घेतली, त्यातल्या त्यात चांगली. बाकी सगळं घरच्या घरी. ओट्यामागच्या दोन टाइल्स वेगळ्या रंगाच्या आहेत, कारण तिथे कुकर लागला. लागला म्हणजे मी फेकला. आता कशाला लपवायचं? कपाटाच्या दाराला खालून दोन बिजागऱ्या जास्त आहेत. मिक्सरच्या भांड्याला दुसऱ्या कंपनीचं झाकण आहे, पण फिट बसतं. हॉलच्या खिडकीची एक काच नवी आहे आणि तिच्या कडेची लांबी, म्हणजे पुट्टी, मी इतकी सुबक भरली आहे की ती काच कशी फुटली असं कोणी विचारतसुद्धा नाही. भांडण शनिवारी व्हायचं आणि रविवारी सकाळी मी पेटी उघडून बसायचो. हात साबणानं धुवायचो, खाली पेपर अंथरायचो, एकेक तुकडा पुसून जुळवायचो. खरं सांगतो, त्या रविवारांइतकं बरं मला कधीच वाटलं नाही. मोडलेली वस्तू परत चालायला लागली की शनिवार फिटला, असं मला वाटायचं. आता कळतं की बाहेरचा माणूस घरात येऊ नये म्हणूनच मी सगळी कामं शिकत गेलो. कारागीर आला असता तर त्याने बघितलं असतं.

आणि खरेदी. तीही मीच करायचो, मोकळ्या हातानं. दाताच्या वेळेला कानातले. कानाचा पडदा दुखावला तेव्हा मोठा मोबाइल, म्हणजे आवाज मोठा करता येईल असा. मनगट मोडलं तेव्हा स्कूटर. प्लास्टर काढलं त्याच दिवशी मी ती शोरूममधून घरी आणली, चाकाखाली लिंबू ठेवलं, उत्कर्षानं डाव्या हातानं कुंकू लावलं, आणि सगळी बिल्डिंग म्हणाली की मनीषभाऊ बायकोला किती जपतात. स्कूटर मी तिला दिली, पण तिचा मीटर माझ्याकडे राहिला. रोज घरी आलो की आधी खाली उभा राहून आकडा बघायचो. शाळा, बाजार, परत, मिळून आठ किलोमीटर. मार्चमध्ये एक दिवस सव्वीस जास्त भरले. मी चहा प्यायलो, मग विचारलं. म्हणाली, पालघरला पडद्याचं कापड बघायला गेले होते. कापड आणलं नव्हतं. पालघरच्या अलीकडे कोळगावला नवी जिल्हा कचेरी आहे, आणि तिथे नवऱ्याची तक्रार द्यायला बायका कुठल्या टेबलाशी जाऊन बसतात हे मला माहीत होतं. ती उठून बेडरूममध्ये गेली आणि तिनं कडी लावली. कडी तिसऱ्यांदा निघाली ती त्या दिवशी. रविवारी मी चौकटीत लांबी भरली, वरून पत्र्याची पट्टी मारली, तीच अॅल्युमिनियमची कडी परत लावली. ती जरा अडायची. अडू दे, म्हटलं.

"कडी बसत नव्हती," उत्कर्षा म्हणाली. मी काही विचारलंही नव्हतं. ती हॉलमध्ये खाली बसून मेथी निवडत होती आणि तिचा हात थांबला नाही. वर हेमांगीताईंकडे सुतार आला होता, जिवल्या म्हणून, ट्रॉल्या बसवत होता, त्याला म्हटलं जरा बघून जा. एवढं ती सांगत होती आणि तेवढ्यात तिनं चार काड्या निवडल्या. मला तो हात बघून राग आला. एरवी मी दारात आलो की तो हात थांबायचा. मी विचारलं, त्याने काय विचारलं? ती म्हणाली, काय विचारणार, माप घेतलं, लाकूड आणलं, बसवून गेला. कोपऱ्यात स्वरा शाळेच्या वहीला कव्हर घालत होती. नऊ वर्षांची आहे, चौथीत. ती मान वर न करता म्हणाली, "नाही, विचारलं. काकांनी दारावरून हात फिरवला आणि विचारलं, ह्या दाराला लाता कोन मारतं?"

मी म्हटलं, मग?

"मी सांगितलं, पप्पा."

बाईंनी प्रश्न विचारावा आणि येत असलेलं उत्तर द्यावं, तसं म्हणाली. रडली नाही की आईकडे सरकली नाही. मी मेथीचं ताट लाथेनं उडवलं, ते भिंतीला आपटून गरगरत टीव्हीखाली गेलं, आणि तरीही पोरगी कव्हराची घडी दाबत राहिली. त्या क्षणी मी तिच्यावर हात टाकला असता. मला माहीत आहे, टाकला असता. पण माझ्या डोक्यात तो जिवल्या शिरला. कोण कुठला सुतार, माझ्या दारावरून हात फिरवतो, माझ्या पोरीला माझ्याबद्दल विचारतो! सगळी आग तिकडे वळली आणि मला जरा हलकं वाटलं, मारायला माणूस मिळाला की वाटतं तसं. पेटीतून चोवीस नंबरचा रिंग पाना काढला, पँटच्या मागच्या खिशात खोवला. जिन्यात होतो तेव्हा मागून उत्कर्षाचा आवाज आला, वर चढलेला नाही, नेहमीचाच: "स्वरा, आत चल."

बोईसरच्या रस्त्याला टँकरची रांग लागली होती. हवेला कारखान्यांचा तो आंबूस वास होता, इथे राहणाऱ्या माणसाला जो फक्त गावाहून परत आल्यावरच येतो. मी मोटरसायकल साइडपट्टीवरून काढली, एका रिक्षाला आरसा घासला, रिक्षावाला हिंदीत आईवर गेला, त्याला म्हटलं परत येताना बघतो तुला. बेटेगावच्या वाटेला एक लाकडाचं दुकान आहे, जिवल्या तिथे बसतो, हे हेमांगीताईंच्या नवऱ्यानं मागे कधी सांगितलेलं. हात हँडलवर आणि डोकं कुठल्या कुठे. राग आला की मला नेहमी पंढरी आठवतो. कारण आयुष्यात एकदाच मी मारलं आणि ते सगळ्यांना बरोबर वाटलं, तो दिवस पंढरीचा होता.

पंढरी घिवलीचा, माझ्याच बॅचचा. आम्ही तेव्हा दुसऱ्या कंपनीत होतो. रिअॅक्टर म्हणजे एक उभी टाकी, तिच्यात घुसळायला मोठी पाती असतात. पाती दुरुस्त करायला माणूस आत उतरतो, आणि उतरण्याआधी तो पॅनलवरच्या स्विचला आपलं कुलूप लावतो. लाल कुलूप, त्याला टॅग. टॅगवर फोटो, नाव, विभाग, वेळ, कारण. किल्ली त्याच्याच खिशात. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं, मग मॅनेजर येवो नाहीतर कंपनीचा मालक येवो. पंढरीनं सगळं नियमानं केलं होतं. पण उत्पादनाची घाई होती, आणि अक्षय नावाच्या इलेक्ट्रिशियनला वाटलं, हे कुलूप मागच्या शिफ्टचं कोणीतरी विसरलंय. त्याने टॅग वाचला नाही. हॅकसॉनं, लोखंड कापायच्या करवतीनं, कुलूप कापलं आणि बटण दाबलं. पाती अर्धा फेरासुद्धा फिरली नाहीत. मी वरच्या तोंडाशी होतो, पंढरीचा एक हात माझ्या हातात होता. तो हात मी सोडला नाही, पण त्याचा काही उपयोग नव्हता. तिसऱ्या दिवशी पंढरी गेला. आणि त्या पहिल्याच दिवशी, अॅम्ब्युलन्स गेटबाहेर पडल्यावर, मी अक्षयला पॅनल रूममध्ये गाठलं आणि इतका मारला की त्याच्या चष्म्याची काच गालात शिरली. कोणी आडवं आलं नाही. मॅनेजर दाराशी येऊन परत गेला. म्हातारे हेल्पर माझ्या पाठीवर हात ठेवून गेले. त्या माराची चव मला लागली ती लागलीच. पुढे प्रत्येक वेळी, कुकर फेकताना, मनगट पिरगाळताना, मला आतून असंच वाटत राहिलं की समोरच्याने काहीतरी कापलंय आणि मी नियमाच्या बाजूने आहे.

आता मी नव्या पोरांना कुलूप कसं लावायचं ते शिकवतो. सेफ्टी डेला माझं भाषण असतं, मी फेकला तो कुकर तिथेच बक्षीस मिळालेला. आधी टॅग वाचायचा, मग हात लावायचा, हे वाक्य माझं म्हणून आमच्या प्लांटमध्ये चालतं. कंपनीनं नवी कुलपं दिली तेव्हा माझं जुनं मी घरी आणलं, स्वराला खेळायला. तिला मी सगळं शिकवलं, फोटो कुठे, वेळ कुठे. ती भराभर शिकली. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी दुपारी मी झोपलो होतो, उठलो तर पँटच्या बेल्टच्या पट्टीत ते लाल कुलूप अडकवलेलं, खाली वहीच्या पुठ्ठ्याचा टॅग लोंबतोय. मी पोट धरून हसलो. सेकंड शिफ्ट होती, निघायचं होतं, म्हटलं किल्ली दे. ती म्हणाली, माझं कुलूप आहे, काम झालं की मीच काढणार. कसलं काम, ते काही सांगेना. दोनदा मागितली, मग माझं डोकं फिरलं, उत्कर्षाची कात्री घेतली, पट्टीच कापली आणि कुलूप खाली टाकून निघून गेलो. कँटीनमध्ये हा किस्सा मी सगळ्यांना सांगितला आणि सगळे हसले. आदल्या रात्री काय झालं होतं ते अर्थातच मी सांगितलं नाही.

जिवल्या दुकानाच्या पत्र्याखाली फळकुटावर बसून पटाशीला धार लावत होता. साठीचा असेल, अंगात नुसत्या शिरा. मी गाडी त्याच्या पायाशी नेऊन उभी केली आणि विचारलं, कुंभवलीचं दार तू केलंस? तो म्हणाला, हां शेट, मीच. मग पटाशीवरचं पाणी अंगठ्यानं निपटत त्यानं विचारलं, कडी अडते काय? त्याला वाटलं मी तक्रार घेऊन आलोय. कारागिराला कारागीर बोलतो तसा तो बोलत होता, आणि एक क्षण माझाही पाय अडखळला.

"चौकट तीनदा भरलेली व्हती," तो म्हणाला. "वरून काम साफ हाय, हात चांगला हाय तुमचा. पन आतलं लाकूड भुगा झालतं. भुग्यात खिळा धरत नाय, शेट. म्हनून कापली."

मी विचारलं, नट आतून घे हे तुला कोणी सांगितलं?

त्याने माझ्याकडे बघितलं, माझ्या खिशाकडे बघितलं. मग म्हणाला, "पोरीनं सांगलं. बाहेरून खुलाया नको, बोलली."

पहिला पाना त्याच्या खांद्यावर बसला. हाडावर लोखंड बसल्याचा तो कोरडा आवाज मला चांगला ओळखीचा आहे. तो फळकुटावरून कलला, आणि त्याच्या उजव्या हातात ती नुकतीच धार लावलेली पटाशी होती. त्याने ती माझ्या पोटात घातली असती तर मला आश्चर्य वाटलं नसतं. त्याने ती बाजूला ठेवली. धारेची बाजू पलीकडे करून, नीट. मग दुसरा पाना त्याच्या हातावर बसला, कोपराच्या खाली, आणि या वेळी तो ओरडला. दुकानातून दोन भय्ये धावत आले, अरे बुड्ढे को क्यों मार रहा है, म्हणून एकानं मला मागून मिठी मारली, दुसऱ्यानं पाना धरला. मी सुटायला बघत होतो आणि ओरडत होतो, काय ओरडत होतो ते आठवत नाही. जिवल्या खाली बसला होता, मोडका हात दुसऱ्या हातात धरून. तोंड वाकडं झालं होतं, पण तो माझ्याशी बोलला, आता शेट नाही, तुमी नाही.

"मला मारलास, मार. त्या दाराला मारशील तं पाय मोडंल तुजा."

पाना तिथेच राहिला. मी सहाच्या सुमाराला परत आलो, अजून उजेड होता. खाली स्कूटर उभी होती, मीटर दुपारी बघितलेल्याच आकड्यावर. म्हणजे उत्कर्षा गेलेली नव्हती. मी सीटखालून टूल काढलं, स्पार्क प्लग खोलला आणि खिशात टाकला, आता ती जाणारही नव्हती. जिन्यात हेमांगीताई भेटल्या, कठड्याला चिकटून उभ्या राहिल्या, हातात फोन. मी नमस्कार केला. घरात शिरलो आणि बाहेरच्या दाराची वरची कडी लावली, खालची कडी लावली. असल्या वेळी बिल्डिंगमधलं कोणी आत आलेलं मला चालत नाही. हॉलमध्ये मेथी उचललेली होती, ताट धुऊन पालथं घातलं होतं. बेडरूमचं दार बंद होतं. मी म्हटलं, उत्कर्षा, दार उघड. मी अजून बरा होतो तेव्हा, शांत आवाजात दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा लाथ घातली.

दार हललंसुद्धा नाही. आजवर तीनदा मी याच दाराला लाथ घातली आहे आणि तीनही वेळा ते पहिल्या नाहीतर दुसऱ्या लाथेला उघडलंय, कडी उडून पलंगाखाली गेलीय. मला त्याची सवय होती. लाथ, लाकूड फाटल्याचा आवाज, आतली किंकाळी, असा तो क्रम असतो. आज लाथेचा आवाज झाला आणि पुढे काहीच नाही. मी मागे सरून परत मारली, परत मारली, टाच फुटली, रक्त पांढऱ्या लाद्यांवर आलं, आणि आतून एक शब्द नाही. त्या शांततेनं मला वेड लागायची पाळी आली. आमच्या सेलूच्या घरात आतल्या खोलीला दार नव्हतं, पडदा होता. वडील, रामकिसन फोरमन म्हणायचे त्यांना डेपोत, एसटीच्या गाड्या दुरुस्त करून यायचे आणि कधी कधी तसेच आत शिरायचे. आई, इंदुबाई, दोन्ही हातांनी पडदा ताणून धरायची. काय अडणार होतं त्याने? तिच्या मागे मी असायचो, तिच्या पदराला धरून, आणि पडद्यापलीकडे वडिलांच्या पायाची सावली हलताना बघायचो. लहानपणी मी मनातल्या मनात तिथे किती दारं बसवली असतील. लोखंडी, जाड, आतून नट असलेली. हे मला अकरा वर्षांत आज आठवलं, आणि आठवलं तरी पाय थांबला नाही. चौथी लाथ घातली तेव्हा घोट्यात काहीतरी कट्कन वाजलं आणि मी भिंत धरली.

मग मी लंगडत पेटीकडे गेलो. लाथेनं नाही झालं तर काय झालं, मी फिटर आहे, लोखंडाला लोखंड कापतं. हॅकसॉची पात फ्रेममधून काढली, नुसती पात, चिंधी गुंडाळून हातात धरली. सांध्यात नख जात नव्हतं, पण दार आणि चौकट यांच्या मधे कडीपाशी केसभर फट होती, ती त्याला ठेवावीच लागली असणार. पात तिथून आत सरकली, कडीच्या लोखंडाला टेकली. एक ओढ दिली. करर्र असा बारीक आवाज झाला. दुसरी दिली. कडी जाड होती, पण अर्ध्या तासाचं काम. मी घामानं निथळत होतो, आणि एवढ्यात दारापलीकडून, अगदी जवळून, कडीच्या उंचीवरून आवाज आला. स्वरा होती.

"पप्पा, आधी टॅग वाचा."

हँडलला दोऱ्यानं एक पुठ्ठा बांधला होता. मघापासून तो माझ्या डोळ्यांसमोर हलत होता, लाथांनी उलटा झाला होता, मला वाटलं होतं काही खेळणं असेल. मी तो सरळ केला. तांबड्या स्केच पेननं चारही कडा रंगवलेल्या, माझ्या टॅगला असतात तशा. वर तिचा शाळेच्या ओळखपत्रातला फोटो चिकटवलेला. धोका, आत माणसं आहेत, काढू नये. नाव: स्वरा मनीष. विभाग: चौथी ब. वेळ: तीन पन्नास. म्हणजे मी जिना उतरत होतो तेव्हाची. आणि खाली, कारण. आमच्या टॅगवर इथे आम्ही लिहितो, पाती दुरुस्ती, व्हॉल्व्ह बदली, वेल्डिंग. तिनं लिहिलं होतं, पप्पा.

माझ्या हातात पात होती. तिच्या दातांत कडीचा कीस अडकला होता, चकाकत होता. अक्षयच्या पातीवरही तसाच होता, पोलिसांनी ती पिशवीत घातली तेव्हा मी बघितला होता. आणि मला बेल्टच्या पट्टीतलं ते कुलूप आठवलं. तेव्हाही खाली टॅग होता. मी हसलो होतो, कात्री घेतली होती, चारचौघांत किस्सा सांगितला होता. त्या दिवशी टॅगवर तिनं कारण काय लिहिलंय ते मी वाचलंच नव्हतं. नऊ वर्षांच्या पोरीनं, तेव्हा तर आठच, जिथून ताकद येते तिथे बरोबर कुलूप लावलं होतं आणि ते मी कापलं होतं. अक्षयचा गाल मी फाडला. माझा कोणी फाडायचा? मला रडू आलं. टाचेचं नाही, घोट्याचं नाही. मला लाज वाटली, इतकी की मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसलो, आणि खिशातला स्पार्क प्लग मांडीत रुतला.

टॅगवर शेवटी एक चौकोन असतो, काम पूर्ण झालं, कुलूप काढलं, सही. तो कोरा होता. ती सही तिचीच लागते. मी कितीही बसलो, कितीही रडलो, तरी त्या चौकोनात मला काही लिहिता येत नाही, हे मीच तिला शिकवलं होतं.

आत कपाट उघडल्याचा आवाज आला. खालच्या दोन जादा बिजागऱ्या कुरकुरल्या नाहीत, मी तेल घातलेलं. मग चेन ओढल्याचा आवाज. मग बॅग जमिनीवर उभी केली आणि ती चाकांवर दाराकडे आली. त्या बॅगेचं एक चाक मागच्या दिवाळीत तुटलं होतं, मी बेअरिंग टाकून नवीन बसवलं होतं. ते अजिबात आवाज न करता फिरत होतं. बॅग दारापाशी येऊन थांबली, माझ्या डोक्याच्या पलीकडे, आणि कोणी कडी काढली नाही. त्या दोघी उभ्या राहून कशाची तरी वाट बघत होत्या, आणि ती माझी नव्हती.

जिन्यात पावलं वाजली, बरीच. बाहेरच्या दारावर थाप पडली. हेमांगीताईंचा आवाज आला, मग एका बाईचा, मी पोलीस स्टेशनहून आलेय, दार उघडा. आणि त्यांच्या मागे कोणीतरी कण्हत होतं, ते मी ओळखलं. थापा वाढल्या. आमचं बाहेरचं दार भक्कम आहे, मी स्वतः बसवलंय, वरखाली दोन कड्या, तोडायला त्यांना वेळ लागला असता. मी पात खाली ठेवली. भिंतीला धरून उठलो, एका पायावर हॉल ओलांडला. खालची कडी काढली, मग वरची. त्या दोन्ही मी लावलेल्या होत्या.